सावकाश सकाळची ३५ मिनिटं, आणि त्यांची आदल्या रात्रीची तयारी

सकाळ निवांत हवी असेल तर तिचं निम्मं काम आदल्या रात्री ओट्यावर उरकलेलं असावं लागतं. नुसता गजर अलीकडे ओढून भागत नाही. सहाला उठणारा माणूस साडेपाचला उठू लागला आणि झोपायची वेळ तीच राहिली, तर चार दिवसांत दोन तासांची झोप बुडते. पाचव्या दिवशी हात आपोआप गजरावर जातो आणि सगळं बारगळतं.

म्हणून आधी कागद घ्या. वर घरातून निघायची वेळ लिहा आणि तिथून मागे मोजत या. समजा ८:१५ ला निघायचं आहे. डबा, नाश्ता आणि ओटा आवरणं ७५ मिनिटं. अंघोळ, कपडे, देवापुढे दिवा ३० मिनिटं. म्हणजे ६:३० ला कामाला लागायला हवं. त्याआधीची ३५ मिनिटं आपली, म्हणून उठायचं ५:५५ ला. निदान सात तास झोप धरली तर पावणेअकराला डोळा लागलेला हवा आणि साडेदहाला अंथरुणाला पाठ टेकलेली हवी. हे आकडे अंदाजानं लिहू नका. तीन दिवस घड्याळ लावून मोजा, कारण डब्याला लागणारा वेळ जवळजवळ प्रत्येक जण कमी धरतो. नळाला ठरावीक वेळीच पाणी येत असेल तर ती वेळ कागदावर सगळ्यात आधी मांडा. एक कान बादलीकडे ठेवून निवांत बसता येत नाही.

उठायची वेळ एकदम बदलू नका. १५ मिनिटं अलीकडे आणा, चार दिवस तिथेच थांबा, मग पुढची १५. झोपायची वेळही त्याच पावलानं अलीकडे आणा. साडेसहावरून ५:५५ वर यायला असे साधारण बारा दिवस लागतात.

आता रात्रीचं काम. यासाठी २० मिनिटं पुरतात आणि ती जेवणानंतर लगेच घ्यावीत. एकदा बैठक जमली की ओट्याशी परत उभं राहवत नाही. कणीक मळून, वरून तेलाचा हात फिरवून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी उठल्याबरोबर ती बाहेर काढून ठेवायची. गार कणीक लाटताना आखडते, पोळ्या कडक होतात आणि दोष पिठाला मिळतो. फरसबी, गवार, कोबी रात्री चिरून ठेवता येतात. बटाटा चिरलात तर पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर काळा पडतो. वांगं मात्र सकाळीच चिरावं. मेथी निवडून ठेवा पण धुऊ नका. कोरड्या फडक्यात गुंडाळलेली मेथी सकाळी टवटवीत असते, ओली ठेवलेली चिकट होते. डबे, पाण्याच्या बाटल्या, इस्त्रीचे कपडे, किल्ल्या, पास ठरलेल्या जागी ठेवा. शेवटी ओटा कोरडा पुसा आणि चहाचं भांडं, गाळणं, कप तिथे मांडून ठेवा. उठल्यावर पहिली नजर खरकट्या भांड्यांवर पडली की हात तिकडे वळतातच, आणि ३५ मिनिटांतली १५ घासण्यात जातात.

फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा. गजरासाठी सेलवर चालणारं साधं घड्याळ घ्या आणि ते चार पावलं लांब ठेवा, म्हणजे बंद करायला उठावंच लागेल. घरात आजारी किंवा वयस्कर माणूस असेल आणि रात्री फोन येण्याची शक्यता असेल, तर रिंगचा आवाज मोठा ठेवा आणि फक्त इंटरनेट बंद करा. पाच-पाच मिनिटांनी वाजणारे गजर टाळा. त्या तुकड्यांत झोप धड होत नाही आणि डोकं जडच राहतं. तसंही उठल्यावर पहिली १५ ते ३० मिनिटं मेंदू पुरता जागा झालेला नसतो. त्या वेळात ऑफिसच्या ग्रुपवरचे निरोप वाचले तर उत्तर देणं जमत नाही, पण काळजी मात्र सुरू होते.

या ३५ मिनिटांत काय करायचं? पहिली पाच मिनिटं चूळ भरणं, तोंड धुणं आणि पेलाभर पाणी. थायरॉईडची गोळी चालू असेल तर ती याच पाण्याबरोबर घ्या. ती उपाशीपोटी घ्यायची असते आणि त्यानंतर चहा-नाश्त्याला अर्धा ते एक तास थांबायचं असतं. अशांनी खाली दिलेला क्रम फिरवावा, वाचन-जपाची दहा-बारा मिनिटं आधी आणि चहा शेवटी.

पुढची दहा मिनिटं उजेडात जा. गॅलरी, अंगण, गच्ची, काहीच नसेल तर उघडी खिडकी. शरीराचं घड्याळ डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडानं लागतं. आभाळ भरलेलं असलं तरी बाहेर घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट उजेड असतो. सूर्याकडे थेट पाहायचं नाही, नुसतं बाहेर उभं राहायचं. कुंड्यांना पाणी घालायचं काम इथे छान बसतं. ऋतूचा हिशेब मात्र ठेवा. मुंबईत जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तर जानेवारीच्या मध्याला सव्वासातला. नागपुरात तो वीस ते तीस मिनिटं आधी वर येतो. हिवाळ्यात घरातला मोठा दिवा लावून बसा आणि उजेडाची दहा मिनिटं डबा भरून झाल्यावर घ्या.

मग चहा, तोही फक्त स्वतःपुरता, छोट्या भांड्यात. सगळ्या घराचा चहा टाकला की तो शांत वेळ राहत नाही, कामाची सुरुवात होते. पाऊण कप पाणी, नखाएवढं ठेचलेलं आलं, गवती चहाचं एक पातं गाठ मारून. मंद आचेवर उकळी फुटू द्या. पातं हिरवं सोडून पिवळट झालं की साखर आणि एक लहान चमचा पावडर घाला. मिनिटभरानं पाव कप दूध. फेस कडेनं चढायला लागला की आच उतरवा, एकदा वर येऊन बसू द्या, मग गाळा. सात-आठ मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ भांड्याजवळच उभं राहायचं. हिमोग्लोबिन कमी असेल तर चहा आणि नाश्ता यांत तासाभराचं अंतर ठेवा, चहामुळे अन्नातलं लोह कमी शोषलं जातं.

उरलेली दहा-बारा मिनिटं एकाच गोष्टीसाठी ठेवा. चार पानं वाचन, वहीत पाच ओळी, सूर्यनमस्कार, जप किंवा नुसतं बसणं, यांपैकी एक निवडा आणि महिनाभर बदलू नका. व्यायाम, ध्यान, डायरी आणि वाचन असं सगळं कोंबलं की सकाळचंही वेळापत्रक होतं आणि एक गोष्ट चुकली की सगळंच सोडून द्यावंसं वाटतं.

घरात एकटी बाईच डबा, पाणी, मुलांची शाळा सांभाळत असेल तर हा सगळा हिशेब कागदावरच राहील. तिची ३५ मिनिटं कामं वाटून घेतल्याशिवाय निघत नाहीत. कणीक एकानं मळायची, भाजी दुसऱ्यानं चिरायची, दूध आत घेणं आणि दार उघडणं तिसऱ्यानं. कोणतं काम कोणाचं ते फ्रिजवर लिहून लावा, रोज सांगावं लागलं की सांगण्याचंच ओझं होतं. तान्हं मूल असेल किंवा रात्रपाळी असेल तर सध्या पहाटेच्या मागे लागू नका. मिळेल तेव्हा झोपा, आणि जाग येईल तेव्हा तो एक चहा तेवढा शांतपणे घ्या.

रविवारी तासाभरापेक्षा जास्त उशिरा उठू नका. नऊपर्यंत झोपलं की रविवारी रात्री साडेदहाला झोप येत नाही आणि सोमवारचा गजर जड जातो. रात्रीची झोप भरून काढायचीच असेल तर दुपारी जेवल्यावर २० मिनिटं आडवं व्हा. तेव्हाही गजर लावा.