डोलत्या सिलिंडरची गळती

१२ मिमी बोअरचं, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचं, मॉडेल इंजिन दीड बार दाबाच्या हवेवर फिरायचं, पण लोड आला की थांबायचं. यात सिलिंडरच पिव्हट पिनवर डोलतो, त्याचं सपाट तोंड पोर्ट प्लेटवर सरकत हवेची भोकं, म्हणजे पोर्ट, उघडतं-बंद करतं आणि स्प्रिंग दोन्ही तोंडं एकमेकांवर दाबून ठेवते. पोर्टच्या तोंडावर साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडेच बुडबुडे. स्प्रिंग आवळून भागत नाही, घर्षण वाढतं. पिव्हट पिन काढली, जाड काचेवर १००० नंबरचा वॉटर पेपर ठेवला आणि तेल टाकून दोन्ही तोंडं आठच्या आकड्यात घासली. तोंडांवर आधी मारलेल्या मार्करच्या रेघा सगळीकडे सारख्या पुसल्या की पुरे. ग्राइंडिंग पेस्ट नकोच, पितळेत कण रुतून बसतात. पिनभोवती अर्धा मिमी खोलगट घेतला, म्हणजे मध्ये टेकत नाही. पिन काटकोनात नसेल तर मात्र सगळी मेहनत फुकट, आधी गुण्या लावा. फोंड्याच्या पावसात स्टीलची प्लेट एका रात्रीत तांबूस होते, म्हणून पोर्ट प्लेट पितळेचीच ठेवली. स्प्रिंगला तेवढं तेल लावायचं.