स्कुबा शिकायला मालवणला निघालेल्या कोल्हापूरकरांनो, या चुका टाळा

ऑक्टोबर उजाडला, मालवणचं पाणी निवळायला लागलं की मला फोन सुरू होतात. "भावा, शनिवार-रविवारात स्कुबाचं सर्टिफिकेट हुतंय काय?" होत नाही. दरवर्षी हेच सांगून तोंडाची चव गेलीय, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. पुढच्या फोनला हेच पाठवणार.

मी डाइव्हमास्टर आहे. म्हणजे शिकवतो इन्स्ट्रक्टर, मी मागं राहून नवख्यांवर लक्ष ठेवतो. त्यामुळं कोण कुठं चुकतंय ते मला सगळ्यात आधी दिसतं.

तो व्हिडिओ म्हणजे सर्टिफिकेट नव्हे

होडीतून जायचं, ट्रेनर मागून सिलिंडर धरून ठेवणार, पंधरा-वीस मिनिटं माशांबरोबर व्हिडिओ आणि वर आल्यावर हातात एक रंगीत कागद. ही झाली स्कुबाची चव. त्यात वाईट काही नाही, मीही तिथूनच सुरुवात केली. पण त्या कागदावर जगात कुठंही कुणी तुम्हाला सिलिंडर भाड्यानं देणार नाही.

शिकायचं असेल तर पाडी किंवा एसएसआयसारख्या स्कुबाची सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्थेचा ओपन वॉटर कोर्स, म्हणजे पहिल्या पायरीचा कोर्स, करावा लागतो. थिअरी आणि परीक्षा, स्विमिंग पूलमधला सराव, मग समुद्रात ४ डाइव्ह, त्याही कमीत कमी दोन दिवसांत. पाडीच्या कोर्सला न थांबता २०० मीटर पोहून दाखवायचं आणि १० मिनिटं तरंगायचं. पास झालात की जोडीदारासोबत १८ मीटरपर्यंत जायची मुभा. वयाची अट १० वर्षं पूर्ण. पैसे भरण्याआधी इन्स्ट्रक्टरचा नंबर संस्थेच्या साइटवर टाकून बघा. दोन मिनिटांचं काम आहे. नवी गाडी घेताना दहा शोरूम पालथी घालणारी माणसं इथं मात्र किनाऱ्यावर पहिला भेटेल त्याच्या मागं जातात.

"मला काय शिकिवतोस, मी पुरात पवलोय"

आमच्याकडं हा रोग फार. पंचगंगेच्या घाटावरनं सूर मारलेला, विहिरीत दम धरायच्या पैजा जिंकलेला गडी स्कुबाला सगळ्यात अवघड विद्यार्थी असतो. पोहणाऱ्याला पाण्याखाली श्वास कोंडायची सवय. स्कुबाचा पहिला नियम नेमका उलटा आहे: श्वास कधीही, कशासाठीही कोंडायचा नाही. १० मीटरवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो. तिथं छाती भरून घेतली आणि तशीच कोंडून वर आलात, तर आतली हवा फुगून दुप्पट व्हायला बघते. फुप्फुसाला तेवढी जागा नसते. अगदी दीड मीटर वर सरकतानाही इजा होऊ शकते, म्हणजे स्विमिंग पूलच्या उथळ बाजूलासुद्धा. तोंडातलं रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा तोंडात देणारं यंत्र, काढलं असेल तेव्हाही बारीक बुडबुडे सोडत राहायचं. मी नवख्यांना मनातल्या मनात गुणगुणायला सांगतो. गुणगुणत असला की माणूस श्वास कोंडूच शकत नाही.

कान

यावर मी जास्त बोलणार, कारण सगळ्यात जास्त डाइव्ह कानापायी वाया जातात.

फोंडा घाट उतरताना कानात दडे बसतात, आपण जांभई देतो, सुटतात. पण तो अख्खा घाट उतरल्यावर हवेचा दाब जेवढा वाढतो, तेवढा पाण्यात साधारण ७० सेंटीमीटर खाली गेलं की वाढतो. कमरेएवढ्या पाण्याच्या तळाशी डोकं नेलंत की एक घाट उतरलात! आता सहा मीटर म्हणजे किती घाट, ते तुम्हीच मोजा. म्हणून कान दुखायची वाट बघायचीच नाही. होडी सोडायच्या आधी एकदा, तोंड पाण्याखाली गेल्या गेल्या एकदा आणि मग दर हातभर खोलीला एकदा, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. जोर लावायचा नाही. फुंकून होत नसेल तर नाक धरूनच आवंढा गिळा. तरीही सुटेना तर मीटरभर वर या, मोकळे करा, मग परत खाली. डोकं वर, पाय खाली ठेवून उतरा. सूर मारल्यासारखं उतरलं की कान हमखास अडतात.

आमच्या ओळखीतला एक पैलवान. आखाड्यात कान मोडून घेतलेला, त्यामुळं कानाचं दुखणं म्हणजे त्याला किरकोळ. आदल्या रात्रीपासून नाक चोंदलेलं. आम्हाला न सांगता सर्दीची गोळी खाल्ली आणि उतरला. तीन मीटरवर कान दुखायला लागला. खूण केली नाही, बरोबरच्या दोन पोरी आरामात खाली चालल्या होत्या ना! तसाच रेटत गेला. सहा मीटरच्या आसपास दुखणं एकदम थांबलं. त्याला वाटलं, जिंकलं. पडदा फाटला होता. थंड पाणी कानाच्या आत गेलं आणि पुढच्या क्षणी त्याला वर कुठं, खाली कुठं हेच कळेना. शंभर किलोचा माणूस पाण्यात गरगरायला लागला. इन्स्ट्रक्टरनं त्याचा पट्टा धरला, मी मागून आधार दिला, सावकाश वर आणला. होडीवर पहिलं वाक्य काय, तर "घरी सांगू नका". पुढं कित्येक आठवडे कानात पाणी जाऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं.

सर्दी असेल तर उतरू नका. गोळी खाऊनही नाही. तिचा असर पाण्यात असतानाच उतरला तर वर येताना हवा कानात अडकते, आणि वर यायला तर लागतंच. पैसे बुडाले तर बुडू द्या. कोर्सआधी आठवडाभर मी रोज दात घासताना आरशासमोर कान मोकळे करायचा सराव करायला लावतो. हसतात सगळे.

मिशा

हसू नका, हा आपल्याकडचा खरा प्रश्न आहे. कोल्हापुरी मिशीवर मास्क नीट बसत नाही, केसांमधून पाणी आत झिरपतं. पट्टा आवळून काही होत नाही, उलट जास्त गळतं. व्हॅसलीन फासू नका, मास्कचं सिलिकॉन खराब होतं. नाकाच्या अगदी खालची बोटभर पट्टी भादरा, बाकीचा पीळ शाबूत राहतो. आणि मास्कमध्ये पाणी आलं तर त्यात विशेष काही नाही: वर बघा, मास्कची वरची कड कपाळाला दाबा, नाकानं फुंका. घाबरून नाकानं श्वास ओढला की ठसका आलाच. घरी बादलीत तोंड बुडवून, मास्क न लावता, स्नॉर्केलनं, म्हणजे तोंडात धरायच्या नळीनं, पाच मिनिटं श्वास घ्यायचा सराव करून या. ज्यांनी हे केलंय ते पुलात आल्या आल्या ओळखू येतात.

आता झटपट

अंगठा वर म्हणजे "एक नंबर" नव्हे, "वर चला". तर्जनी आणि अंगठ्याचा गोल म्हणजे ठीक. मासा बघून खूश होऊन अंगठा दाखवलेल्या एकाला आम्ही दोनदा वर आणलाय.

सकाळी कट मारलेली मिसळ खाऊन होडीत बसू नका. बसलातच आणि पाण्याखाली उलटी आली, तर रेग्युलेटर तोंडात घट्ट धरून त्यातूनच करा. निघून जाते.

वैद्यकीय फॉर्मवर दमा, कानाचं ऑपरेशन, बीपी लपवू नका. "हो" लिहिलं की डॉक्टरांची सही आणावी लागते, एवढंच.

पुलात शिसं, म्हणजे खाली जाण्यासाठी अंगावर बांधायचं वजन, बरोबर बसलं म्हणून समुद्रात तेवढंच पुरत नाही, खारं पाणी जास्त उचलतं. पण "बुडत नाही, अजून दोन किलो द्या" हेही नको. न बुडण्याचं कारण निम्म्या वेळा छातीत कोंडलेली हवा असते.

सिलिंडरमध्ये हवा किती उरली ते दाखवणारं गेज बघायची आठवण ज्याला दुसऱ्यानं करून द्यावी लागते, तो अजून शिकलेला नाही. ५० बार उरलेले असताना वर असायचं. येताना ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं.

प्रवाळाला हात लावू नका, माशांना पाव घालू नका. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, ते मत्स्यालय नव्हे.

त्याच संध्याकाळी घाट चढणं

ही चूक मुंबईकर करत नाहीत. ही खास आपली, आणि मीही केलीय.

पाण्याखाली दाबामुळं हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो. वर आल्यावर तो तासन् तास हळूहळू बाहेर पडत असतो. तेवढ्यात बाहेरचा दाब आणखी कमी झाला तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून डाइव्हनंतर लगेच विमानात बसत नाहीत. एका डाइव्हनंतर १२ तास, जास्त डाइव्ह असतील तर १८ तास थांबायचं, असा सर्वसाधारण नियम. विमान म्हटलं की आपण म्हणतो, आम्ही तर गाडीनं चाललोय. अहो, पण तो नियम ६०० मीटर उंचीपासूनच्या दाबाला धरून आहे, आणि आपला घाटमाथा त्याच्याच आसपास आहे. खुद्द कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर.

शिकत होतो त्या वर्षी दोन दिवसांत ४ डाइव्ह केल्या आणि रविवारी दुपारी जेवून लगेच गाडी काढली. सोमवारी ऑफिस. गगनबावडा चढून वर आलो आणि डावा खांदा आतून ठणकायला लागला. दाबलं, चोळलं, बाम लावला, फरक नाही. घरी "गाडी चालवून आखडला" म्हटलं आणि रात्रभर कूस बदलत पडलो. सकाळपर्यंत ओसरलं. ते नक्की काय होतं हे तपासलंच नाही, त्यामुळं आज छातीठोक सांगता येत नाही. पण पुढं रेस्क्यू कोर्समध्ये लक्षणांची यादी वाचताना त्या खांद्यापाशी मी थांबलो. तेव्हाच ऑक्सिजन लावून डॉक्टर गाठायला हवा होता. डाइव्हनंतर सांधा ठणकला, मुंग्या आल्या, नको इतका थकवा वाटला, तर बाम शोधू नका.

तेव्हापासून माझा हिशोब साधा आहे. रविवारची शेवटची डाइव्ह दुपारी १२ पर्यंत संपवायची, रात्री मालवणातच सुरमई-सोलकढी, आणि सोमवारी सकाळी सहानंतर गाडी. त्यामुळं मला फोन करण्याआधी सोमवारची रजा टाकून ठेवा.