बोर्नव्हिटाच्या डब्यातल्या गोळ्या : मानसिक आजारात लाजेपोटी होणाऱ्या या चुका टाळा

आमच्याकडे दादाच्या गोळ्या बोर्नव्हिटाच्या डब्यात असत. डबा फडताळात आणि त्याच्या पुढ्यात आगळाची बाटली. कोणी विचारलंच, तर "पित्ताच्या आहेत." दादाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी फार खाली जातं, असा आजार. डब्याची शक्कल माझी होती, त्यामुळे खालच्या बहुतेक चुका मी स्वतः करून बसलोय.

गावातल्या डॉक्टरांपासून लपवणं

ही सगळ्यात महागात पडली. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या उचलून दादाची कंबर धरली. गावातल्या डॉक्टरांनी सरळ विचारलं होतं, "दुसऱ्या कसल्या गोळ्या चालू आहेत का?" बाकावर शेजारची काकू बसलेली. मी म्हटलं, "नाही."

त्यांनी दुखण्यावर आयब्युप्रोफेन दिली. दादा लिथियमवर होता, तीच त्याची बायपोलरची गोळी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्यांनी लिथियम लघवीवाटे बाहेर पडणं कमी होतं आणि रक्तात साचत जातं. त्यात उन्हाळ्याचा घाम, पाणी कमी. पाचव्या दिवशी त्याच्या हातातला चहा बशीत सांडायला लागला. मग उलट्या, मग चालताना झोकांड्या. वाडीत कुजबुज सुरू झाली, हल्ली पितो वाटतं. आणि आम्ही ते खोडून काढलं नाही! दारुडा म्हटलेला चालला, वेडा म्हटलेला नको होता. जीभ जड व्हायला लागली तेव्हा गाडी काढली. रक्त तपासलं, लिथियम प्रमाणाबाहेर. चार दिवस सलाइन.

तोंडाने सांगायला जड जातं ना, मग गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि डॉक्टरांपुढे नुसता धरा. दाताच्या डॉक्टरांपुढेही, मेडिकलवाल्यापुढेही. लिथियम घेणाऱ्याचे हात नेहमीपेक्षा जास्त थरथरले, उलट्या-जुलाब झाले, तोल गेला, तर 'बघू उद्या' करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

ओळखीचं कोणी दिसू नये म्हणून लांब जाणं

'याला रत्नागिरीला धाडायला हवं' ही आमच्याकडची जुनी चेष्टा. तिथलं मनोरुग्णालय १८८६ सालचं, म्हणजे चेष्टेलाही पिढ्या झाल्या असणार. त्या गेटातून आत जाताना कोणी पाहिलं तर? म्हणून आम्ही घाट चढून कोल्हापूर गाठायचो. पावसात आंबा घाटात दरड आली की तारीख हुकायची आणि गोळ्या संपायच्या. लांबच्या डॉक्टरांवर विश्वास असेल तर जरूर जा, पण जूनच्या आधीच त्यांना रस्त्याची अडचण सांगून पुरेशा गोळ्या लिहून घ्या. आणि अगदीच अडलं, तर टेली-मानसचा १४४१६ हा मानसिक त्रासात मदत करणारा सरकारी नंबर रात्रंदिवस, फुकट चालतो. मराठीत बोलता येतं आणि कोणाची नजर पडत नाही.

गणपतीत गोळ्यांना सुट्टी

चाकरमानी आले, घर भरलं, की डबा काढायची चोरी. रात्री भजन, आरत्या, पत्ते. बायपोलरमध्ये जागरण हे नुसतं जागरण नसतं. दोन-तीन रात्री झोप मोडली की माणसाला उधाण येऊ शकतं, आणि मग तो पाहुण्यांसमोर जे बोलतो त्याची लाज पुन्हा वेगळी. आता दादा दहाला गोळी घेऊन मागच्या खोलीत झोपतो. "डॉक्टरांनी सांगितलंय" एवढंच म्हटलं, मुंबईकरांनी पुढे एक शब्द विचारला नाही.

भगताचं थोडक्यात सांगतो. गाऱ्हाणं घाला, कौल लावा, आम्हीही लावला. पण 'गोळ्या बंद करा' म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

"परत बंद केल्यास ना गोळ्या?"

घरचे असं ओरडतात, कधीकधी दवाखान्यातलेही, तेही रांगेतल्या चार माणसांसमोर. 'माझं चुकलं' वाटणारा माणूस चूक दुरुस्त करायला येतो. 'मीच वाया गेलेला' वाटणारा तोंड लपवतो आणि डॉक्टरांना "रोज घेतो" असं ठोकून देतो. मग डॉक्टर त्या खोट्या हिशोबावर डोस वाढवतात. सांगायला एकांत लागतो, म्हणून "जरा दार लावून बोलूया का?" असं बेधडक म्हणा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे रुग्णाची माहिती गुप्त राहणं हा त्याचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे.

घरी मी आता प्रश्नच बदललाय. "घेतल्यास का?" विचारत नाही. "या आठवड्यात किती राहिल्या?" असं विचारतो, म्हणजे एखादी राहणारच हे धरून. पहिल्यांदा विचारलं तेव्हा दादा बराच वेळ आढ्याकडे बघत होता. मग म्हणाला, "चार."

परवा म्हणाला, "दोन. तीन झाल्या असत्या, पण काकूने कुंपणावरून हाक मारून आठवण केली."