झड लागायच्या आत कॅटमिंटचं बूड मोकळं करा

पावसाची झड लागायच्या आत कॅटमिंटच्या वाफ्यांतून पाणी निघायला वाट करून ठेवा. बाकीची कामं आठवडाभर मागे पडली तरी चालतील. मी बघितलेले मेलेले वाफे किडीने क्वचितच गेले. गेले ते बुडाशी पाणी साचून, आणि त्यातही कोमेजलेलं पान बघून मालकाने वरून आणखी पाणी घातलं म्हणून.

शोभेसाठी कॅटमिंट म्हणून बहुतेक जण लावतात ते नेपेटा फासेनी. नेपेटा रेसिमोझा आणि नेपेटा नेपेटेला यांचा हा संकर, कूळ तुळस-पुदिन्याचं: चौकोनी दांडा, समोरासमोर पानं, दोन ओठांची निळी-जांभळी फुलं. पानावरची राखाडी लव बोटाने चाचपून बघा. ती उन्हाच्या आणि कोरड्या वाऱ्याच्या तयारीची आहे. पाण्याचा ताण हे झाड काढतं, चिखल काढत नाही.

लागवडीआधी फूटभर खोल खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा. दुसऱ्या खेपेला तासाभरात इंचभरही पाणी उतरलं नाही, तर सपाट वाफा विसरा. १५-२० सेंमी उंच गादीवाफा करा. बुडाभोवती पालापाचोळ्याऐवजी बारीक खडी. माझा आपला आडाखा असा: पावसाच्या दुसऱ्या दिवशी वाफ्यातली माती मुठीत दाबून चिकट गोळा झाला, तर आठवडाभर नळीला हात लावायचा नाही. पुस्तकात हे सापडणार नाही.

झाडाने मान टाकली तर आधी माती उकरा. खाली ओल आहे आणि बुडाची साल नखाने खरवडल्यावर आत तपकिरी दिसतंय, तर ती मूळकूज. झाड मुळासकट उपटून वाफ्याबाहेर न्या. शेजारच्या झाडांना कॉपर ऑक्सिक्लोराइड (५० टक्के) या बुरशीनाशकाची २.५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून आळवणी, म्हणजे ते मुळाशी ओतायचं, तेही लेबल वाचून. निचरा केला नसेल तर ही आळवणीसुद्धा फुकट. दुकानदार ह्यूमिकची आणि 'रूट बूस्टर'ची बाटली गळ्यात मारेल. कुजलेलं मूळ ते पिणार कशाने?

'फासेनीचं बी' म्हणून पाकीट मिळालं तर परत करा. हा संकर वांझ आहे. पाकिटात दुसरीच जात असणार. म्हणजे वाफा मेला तर पेरून पुन्हा उभा करता येत नाही. तेव्हा आत्ताच न फुललेल्या शेंड्यांचे ८-१० सेंमीचे छाटे काढून वाळूत लावून ठेवा.

बाकी कामं:
- जागा: पूर्ण ऊन
- अंतर: ४५-६० सेंमी. 'वॉकर्स लो' या वाणाच्या नावातल्या 'लो'वर (म्हणजे बुटकं) जाऊ नका, ते ६०-७५ सेंमी उंच वाढतं; दाटी झाली की बुडाशी वारा खेळत नाही
- पहिला बहर ओसरला की अर्ध्यावर छाटणी
- नत्र जवळपास नकोच. झाड फोफावून मधोमध फाकतं
- ३-४ वर्षांनी गड्डे फोडून नवी लागवड
- मधमाश्या फुलांवर असताना फवारणी बंद
- मांजरं लोळत असतील तर कोवळ्या रोपांभोवती काटक्या खोचा

जपानची नेपेटा सबसेसिलिस, मोठ्या फुलांची, थोडी ओल चालवून घेते. पण तिच्याही बुडाशी पाणी उभं राहिलेलं दिसलं तर त्याच दिवशी चर काढा.