मशेरी ‘सोडा’ म्हणण्याआधी: प्रेरक संवादातल्या या चुका टाळा

प्रेरक संवाद (मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग), म्हणजे बदलाची कारणं समोरच्याच्याच तोंडून येऊ देणारी बोलण्याची पद्धत, मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली दारूच्या उपचारांच्या अनुभवातून मांडला. पुढे मानसशास्त्रज्ञ स्टीफन रोलनिक यांच्यासोबत त्याची नीट बांधणी झाली. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आशाताई आणि समुपदेशक तो शिकतात, पण पडवीत बसल्यावर गाडी बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडते.

“काकी, मशेरीनं कॅन्सर होतो, सोडा बघू.”
“माझी सासू म्हातारी होईस्तोवर लावत होती. तिला काय झालं?”

काकी हट्टी आहेत म्हणून हे होत नाही. सोडावी आणि सोडू नये, दोन्ही बाजू त्यांच्या मनात आधीपासून असतात. आपण ‘सोडा’ची बाजू उचलली की त्यांच्या वाट्याला दुसरी येते, आणि जी बाजू माणूस स्वतःच्या तोंडानं मांडतो ती त्याला अधिक पटते. सोडण्याची कारणं काकींच्या तोंडून यायला हवीत. “मशेरीचं चांगलं काय वाटतं? आणि काय नको वाटतं?” एवढं विचारून गप्प बसा.

दुसरी चूक प्रश्नांच्या सरबत्तीची. सीबॅक फॉर्म (आशाताई घरोघरी भरतात ती आजारांच्या धोक्याची प्रश्नावली) हातात असला की ती हमखास होते. फॉर्म भरून बाजूला ठेवा, मग बोला. एका प्रश्नामागे दोन प्रतिसाद हे प्रमाण धरा. प्रतिसाद म्हणजे ऐकलेलं विधानाच्या रूपात परत देणं. शेवटी ‘का?’ किंवा ‘ना?’ लावलं, आवाज वर गेला, की त्याचा पुन्हा प्रश्न होतो आणि उत्तर ‘हो’वर संपतं. क्रमही महत्त्वाचा. “नातीला जवळ घेताना वास नको वाटतो, पण मशेरीशिवाय पोट साफ होत नाही,” असं म्हणालात तर काकी पोटावर बोलतील. उलटं करा: “मशेरीशिवाय पोट साफ होत नाही, पण नातीला जवळ घेताना वास नको वाटतो.” माणूस बहुधा शेवटचा धागा पकडतो.

शून्य ते दहाची पट्टी वापरताना “पाचच का, आठ का नाही?” असं विचारू नका, समोरून फक्त अडचणी येतील. “पाच म्हणालात, दोन का नाही?” असं विचारलं की कारणं येतात. पट्ट्या दोन आहेत: सोडणं किती गरजेचं वाटतं आणि किती जमेल असं वाटतं. गरज आठ आणि भरवसा दोन असेल, तर कॅन्सरची चित्रं दाखवून काही होणार नाही. तिथं ‘याआधी कधी लावायची राहिली होती, तेव्हा कसं निभावलं’ हे विचारायचं.

माहिती द्यायचीच असेल तर आधी त्यांना काय ठाऊक आहे ते विचारा, परवानगी घ्या, एक-दोन वाक्यांत सांगा आणि ‘तुम्हाला काय वाटतं’वर थांबा.

विरोध ओळखण्यातही गल्लत होते. “मला मशेरी लागतेच” हे सवयीच्या बाजूचं बोलणं आहे, ते साहजिक आहे. “तुम्हाला काय कळतंय?” हा मात्र तुमच्याशी बिनसल्याचा इशारा, तिथं विषय सोडून आधी “मी घाई केली” म्हणा. २०१३ पासून मिलर-रोलनिक यांनीही ‘विरोध’ हा शब्द बाजूला ठेवून या दोन गोष्टी वेगळ्या केल्या.

दारूबद्दल बोलताना खलाशी म्हणतो, “बंदीत बघू.” ही टाळाटाळ समजून झटकू नका. बंदी म्हणजे पावसाळी मासेमारी-बंदी; १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या किनाऱ्यावर असतात, म्हणजे त्यानं तारीखच दिली. “बंदीत घरी असताना जमेलसं वाटतंय,” एवढंच म्हणा आणि पुढचं त्याला बोलू द्या. मात्र जो रोज भरपूर पितो, सकाळी ज्याचे हात थरथरतात, त्याच्याशी दारू एकदम बंद करण्याचं ठरवू नका. अचानक थांबवल्यास फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. आधी डॉक्टरांकडे न्या.