अळंब्यांचा डीएनए वाचताना या चुका टाळा

पाऊस लागला की वडोदऱ्यात आमच्या सोसायटीच्या हिरवळीवर एका रात्रीत पांढऱ्या छत्र्या उभ्या राहतात. शेजारच्या गुजराती मासी त्यांना ‘बिलाडीनो टोप’ म्हणतात, आमच्याकडे ‘कुत्र्याची छत्री’. मांजर असो की कुत्रं, दोन्ही घरांत प्रश्न एकच: खायची का? मी पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या, कामातली, त्यामुळे दर जुलैत कोणी ना कोणी कागदाची पुडी घेऊन दारात उभं असतं. “ताई, याचा जरा डीएनए करून द्या ना.”

करता येतो. फक्त बहुतेक घोटाळे मशीनमध्ये होतच नाहीत, पुडी बांधतानाच झालेले असतात.

जिथे कागद पुरतो तिथे डीएनए

हिरवळीवरच्या त्या खवलेदार पांढऱ्या छत्र्या पुष्कळदा क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस निघतात. खाल्ल्या तर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू. कोवळी असताना टोपीखालच्या पात्या पांढऱ्याच असतात, म्हणून खाण्याजोग्या मॅक्रोलेपिओटासारखी दिसते आणि माणूस फसतो. पूर्ण उमललेली टोपी देठ कापून पांढऱ्या कागदावर पालथी ठेवा, वर वाटी झाका. सकाळी कागदावर बीजाणूंचा हिरवट ठसा दिसला की हिला ओळखायला यंत्र लागत नाही. मात्र ठसा हिरवा नाही म्हणजे अळंबी खाण्याजोगी, असा उलटा अर्थ काढू नका. डीएनएही जातीचं नाव सांगतो, ताटात वाढायची परवानगी देत नाही.

प्लॅस्टिकची पिशवी

ही माझीच फजिती. जांबुघोड्याच्या वाटेवरच्या एका शेतातून मैत्रिणीने वारुळावर उगवलेली अळंबी आणली, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून. मी रात्रभर ती तशीच ओट्यावर ठेवली आणि सकाळी टोपीच्या वरच्या सालीचा तुकडा घेतला. सिक्वेन्स, म्हणजे डीएनएच्या अक्षरांची ओळ, इतका स्वच्छ आला की मी खूश. नाव निघालं ट्रायकोडर्मा. म्हणजे अळंबीवर चढलेली बुरशी! यंत्राने अगदी बरोबर वाचलं होतं, मी त्याला बुरशीच वाचायला दिली होती.

आता पद्धत बदलली आहे. अळंबी कागदी पाकिटात आणायची. त्याच दिवशी ती उभी फाडायची आणि आतल्या ताज्या फटीतून, जिथे हवा किंवा बोट लागलेलं नाही तिथून, गव्हाच्या दाण्याएवढा गर ज्योतीवर तापवून गार केलेल्या चिमट्याने काढायचा. तो ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये. उरलेली अळंबी 40 अंशांच्या आसपास वाळवायची. घाई म्हणून ओव्हन जास्त तापवला तर डीएनएचे तुकडे पडतात. फॉर्मालिनमध्ये तर बुडवूच नका, कॉलेजच्या बरण्यांमुळे ही सवय अनेकांना असते.

खुडण्याआधी फोटो काढा, बुंध्याचासुद्धा. वारुळावर उगवणाऱ्या टर्मिटोमायसिस या अळंबीचा देठ मुळासारखा खोल वाळवीच्या घरापर्यंत गेलेला असतो; वरून मोडून आणली की ओळखीची मोठी खूण जमिनीतच राहते. आणि अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही खुडू नका.

बँड नाही, म्हणून आणखी डीएनए

पीसीआरनंतर नमुना जेलवर पळवतात; प्रती तयार झाल्या असतील तर तिथे पट्टी, म्हणजे बँड, दिसतो. जेलवर काहीच दिसलं नाही की नवखा माणूस पुढच्या वेळी दुप्पट डीएनए घालतो. अळंबीच्या अर्कात चिकट शर्करा आणि तपकिरी रंगद्रव्यं उतरतात आणि तीच प्रती काढणाऱ्या एन्झाइमला अडवतात. त्यामुळे उलट करा: अर्क दहापट, मग शंभरपट पातळ करून बघा. माझ्याकडे निम्म्या वेळा एवढ्यानेच बँड येतो. आणि प्रत्येक वेळी एक नळी नुसत्या पाण्याची लावा. तिच्यातही बँड आला तर त्या दिवसाचं सगळं काम फेकायचं. जीव तुटतो, पण फेकायचं.

क्रोमॅटोग्राम न उघडता अक्षरं कॉपी करणं

सिक्वेन्सिंगहून दोन फायली येतात, एक अक्षरांची आणि एक आलेखाची, म्हणजे क्रोमॅटोग्रामची. आलेख उघडायचा आळस फार महागात पडतो. कधी कधी दोनशे अक्षरं सुरेख येतात आणि तिथून पुढे प्रत्येक जागी दोन-दोन शिखरं. लोक म्हणतात नमुना घाण होता. दर वेळी तसं नसतं. अळंबीच्या पेशीत दोन केंद्रकं नांदतात, आणि ओळखीसाठी आपण वाचतो त्या आयटीएस नावाच्या डीएनए-भागाच्या तर प्रत्येकात कितीतरी प्रती असतात. त्यांतल्या काहींत एखादं अक्षर जास्त असलं की पुढचं सगळं सरकतं. दोघं मिळून आरती म्हणत आहेत आणि एकाने मध्येच एक शब्द दोनदा म्हटला, तर पुढे ऐकणाऱ्याला जो गलका ऐकू येतो, तोच हा. उपाय सोपा: उलट्या टोकाकडून, म्हणजे दुसऱ्या प्रायमरने (वाचन जिथून सुरू होतं तो छोटा डीएनए-तुकडा) वाचा आणि दोन्हींचे स्वच्छ भाग जोडा. अशी दोन ठिकाणं असतील तर मधला तुकडा गढूळच राहतो, मग क्लोनिंगला, म्हणजे एकेक प्रत वेगळी करून वाचण्याला, पर्याय नाही.

ब्लास्टमधलं पहिलं नाव

आयटीएस 2012 मध्ये बुरशींचा अधिकृत बारकोड, म्हणजे जात ओळखायचा ठरलेला तुकडा, झाला, आणि तेव्हापासून लोकांना वाटतं, ब्लास्ट या जुळणी शोधणाऱ्या प्रोग्रॅममध्ये अक्षरं टाकली की नाव पडतं. पण ज्यात ही जुळणी शोधतात त्या जेनबँक या सार्वजनिक साठ्यात नाव लिहितो तो नमुना पाठवणारा माणूस, आणि माणसं चुकतात. 2006 च्या एका अभ्यासात बुरशींच्या सार्वजनिक नोंदींपैकी 20 टक्क्यांपर्यंत नोंदींची जात चुकीची असू शकते असं दिसलं होतं. गॅनोडर्मा लुसिडमचंच घ्या. ही मूळची युरोपातली जात, पण आशियातल्या कित्येक चकचकीत तांबूस गॅनोडर्मांना तेच नाव चिकटलं. चीनमध्ये लागवड होणाऱ्या लिंगझी या अळंबीला गॅनोडर्मा लिंगझी हे वेगळं नाव मिळालं 2012 मध्ये. जुन्या नोंदी मात्र जुनीच नावं मिरवत राहतात.

आणखी एक फसवणूक 100 टक्के जुळण्याची. शेजारचा रकाना बघा, तुमच्या सिक्वेन्सचा किती भाग जुळला ते तिथे असतं. आयटीएसच्या मधोमध साधारण 160 अक्षरांचा 5.8एस नावाचा तुकडा आहे, तो दूरच्या नात्यातल्या बुरशींतही जवळपास सारखाच असतो. तेवढाच जुळून शंभर टक्के आले, तर कळलं काय? की ही बुरशी आहे. 97 टक्क्यांच्या वर एकच जात, हाही नियम नव्हे. काही गटांत दोन वेगळ्या जातींत तीन टक्क्यांहूनही कमी फरक असतो. तिथे टीईएफ1 किंवा आरपीबी2 सारखा दुसरा जीन वाचावा लागतो. मी युनाइट या बुरशींच्या सिक्वेन्स-साठ्यात पडताळते आणि ज्यावरून जातीला नाव दिलं त्या मूळ प्रमाण-नमुन्यावरून आलेला सिक्वेन्स आधी शोधते.

ट्रायकोडर्माच्या फजितीनंतर पुढच्या पावसात त्याच वारुळावरून पुन्हा अळंबी आणली, या वेळी कागदी पाकिटात. सिक्वेन्स टर्मिटोमायसिसचा निघाला. पहिल्या दहा उत्तरांत तीन जातींची नावं होती आणि टक्के उन्नीस-बीस. वाळवलेला नमुना, फोटो आणि बीजाणूंचा ठसा एकाच क्रमांकाने कपाटात ठेवले आहेत, दुसरा जीन वाचायचा आहे. मैत्रीण नावासाठी मागे लागली आहे, पण पाकिटावर सध्या ‘टर्मिटोमायसिस, जात ठरायची आहे’ एवढंच आहे, तेही पेन्सिलीने.