'का फोन केलात?' : इंग्रजी प्रश्नांशी माझी झटापट

महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. आम्ही त्याआधीचे, पाचवीत एबीसीडी गिरवलेले. त्यामुळे पुण्यात ग्राहकसेवेची नोकरी लागली तेव्हा पोटात गोळाच होता. पहिल्याच आठवड्यात एका परदेशी बाईंना मी विचारलं, 'व्हाय यू आर कॉलिंग?' पलीकडे शांतता. मग त्या गारठलेल्या आवाजात म्हणाल्या, मला तुमच्या वरिष्ठांशी बोलायचंय.

वरिष्ठांनी नंतर रेकॉर्डिंग ऐकवलं. 'व्हाय आर यू कॉलिंग' हवं होतं, ही चूक किरकोळ निघाली. बाई दुखावल्या होत्या त्या 'व्हाय'मुळे. आपणही दारात आलेल्या पाहुण्याला 'का आलात?' म्हणत नाही, 'काय काम काढलंत?' म्हणतो. अगदी तसंच 'हाउ कॅन आय हेल्प यू?' नवीन लागलेल्यांनी अनोळखी माणसाशी बोलताना 'व्हाय' जपूनच वापरावा. त्यात जाब विचारल्याचा सूर लागतो.

आता व्याकरण. शाळेतला तक्ता (व्हॉट म्हणजे काय, व्हेअर म्हणजे कुठे) एका संध्याकाळी पाठ होतो. घोडं अडतं त्याच्या पुढच्या शब्दाशी. 'तू मुंबईला चाललास' मधलं 'मुंबईला' काढून 'कुठे' ठेवलं की मराठी प्रश्न तयार, बाकी वाक्य जागचं हलत नाही. इंग्रजीत मात्र 'यू आर'चं 'आर यू' करावं लागतं: 'व्हेअर आर यू गोइंग?' 'आर'सारखं सहायक क्रियापद वाक्यात नसेल तर डू, डज किंवा डिड बाहेरून आणायचं. डिड आलं की भूतकाळ त्याच्याकडे गेला, म्हणून 'व्हॉट डिड यू से?', 'सेड' नाही.

हे अंगवळणी पडलं आणि मी उलट्या बाजूने घसरलो. 'कॅन यू टेल मी व्हेअर इज युवर ऑफिस?' असं मी कित्येक महिने ऐटीत म्हणत होतो. उलटापालट सुरुवातीच्या 'कॅन यू'तच झालेली असते. आतला भाग सरळच राहतो, 'व्हेअर युवर ऑफिस इज'. ही चूक चांगलं इंग्रजी येणारेही करतात.

'हू'ची गंमत वेगळी. 'हू कॉल्ड यू?' म्हणजे तुला कोणी फोन केला. 'हू डिड यू कॉल?' म्हणजे तू कोणाला केलास. आपल्याकडे 'कोणी' आणि 'कोणाला' ही रूपंच सगळं सांगून टाकतात. इंग्रजीत 'हूम' रोजच्या बोलण्यातून जवळपास गेलाय, म्हणून शब्दांच्या क्रमावर भिस्त. प्रश्नशब्द स्वतःच कर्ता असेल तर डिड आणायचं नाही, एवढं धरून ठेवलं की पुरतं.

सगळ्यात जास्त छळलं 'किती'ने. मराठीत एकच शब्द सगळीकडे चालतो. तिकडे पैसे किती, 'हाउ मच'; माणसं किती, 'हाउ मेनी'; किती लांब, 'हाउ फार'; किती वेळा, 'हाउ ऑफन'; वय किती, 'हाउ ओल्ड'. आणि किती वाजले याला 'हाउ' नाहीच, 'व्हॉट टाइम इज इट?' याला नियम शोधत बसू नका, अख्खी वाक्यंच तोंडात बसवा. मी लोकलमध्ये पुटपुटत पाठ केली, शेजारचे सरकून बसायचे.

एक मात्र मला फार आवडलं. आपले प्रश्न 'क'ने सुरू होतात, त्यांचे बहुतेक डब्ल्यूएचने, पण दोन्हींचा पूर्वज एकच. मूळचा क्-सारखा उच्चार जर्मानिक भाषांत (इंग्रजी, जर्मन ज्या कुळातल्या) ह्-कडे झुकला. जुन्या इंग्रजीत 'व्हॉट'चं स्पेलिंग एच-डब्ल्यूने सुरू व्हायचं. वेगळा दिसणारा 'हाउ'सुद्धा त्याच कुळातला.

आपल्या 'कोण कोण आलं होतं?'साठी आपल्याकडे सर्रास 'हू ऑल केम?' म्हणतात. ऑफिसात खपतं, पण परीक्षेत नुसतं 'हू केम?' लिहा. आणि 'कितवा'? त्याला इंग्रजीत सरळ शब्दच नाही. मुलाखतीत कोणी 'तुमचा नंबर कितवा आला?' हे इंग्रजीत विचारायला सांगितलं, तर 'व्हॉट रँक डिड यू गेट?' म्हणून मोकळं व्हा. 'तू घरातला कितवा मुलगा?' हे विचारायला मला अजून दोन वाक्यं लागतात.